‘नो अर्बन’ आणि 91 टक्के

अमेरिकेत ‘अर्बन’ रेडिओ म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी आर अँड बी, हिप-हॉप वाजवणारी स्टेशनं. जाहिरातदार त्यांना डावलतात का, हे कोफी ओफोरी यांच्या 1999 च्या ‘व्हेन बीइंग नंबर वन इज नॉट इनफ’ या अहवालात तपासलंय. मेथडॉलॉजी शिकायची असेल तर वाचाच, पण पेन्सिल हातात घेऊन.

त्यातलं मुख्य माप पॉवर रेशो: जाहिरात-उत्पन्नातला वाटा भागिले श्रोत्यांतला वाटा. 10 टक्के श्रोते, 8 टक्के उत्पन्न, म्हणजे 0.8. पण हा 0.2 चा खड्डा कशामुळे? श्रोत्यांची कमाई, त्यांचं वय, मालकाकडे आणखी किती स्टेशनं आहेत, सगळंच त्यात कालवलेलं असतं. नुसत्या गुणोत्तरातून भेदभाव वेगळा काढता येत नाही.

मग सर्वेक्षण. ‘नो अर्बन’ म्हणजे अशा स्टेशनांवर जाहिरात द्यायचीच नाही, असे आदेश अनुभवल्याचं 91 टक्के अल्पसंख्याक प्रसारकांनी सांगितलं. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. अहो, पण तो उत्तर दिलेल्यांपैकी आहे! ज्यांना चटका बसला तेच आधी फॉर्म भरणार.

मला जास्त पटतो तो 1998 मध्ये बाहेर आलेला एका जाहिरात-विक्री कंपनीचा मेमो. जाहिरातदारांना ग्राहक हवेत, संशयित नकोत, अशा अर्थाचा. एकच कागद, पण निर्णय कसा होतो ते त्यात दिसतं.