कृती बरोबर, कारण चूक
(एका झटपट पाककृतीचे परीक्षण)

शाळेतल्या प्रयोगवहीत चार मथळे असतात: साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान. पाककृतीत त्यांतले पहिले दोनच आढळतात. निरीक्षण खाणाऱ्याच्या जिभेवर सोपवलेले असते आणि अनुमानाचा प्रश्न सहसा निघतच नाही. ‘हळद घाला’ म्हटले की घालायची, का ते विचारायचे नाही. अलीकडच्या पाककृती मात्र जागोजागी कारणेही देऊ लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण कारण दिले, की ते तपासणे ओघानेच आले.

परीक्षणासाठी मी अमेरिकन घरांत चांगलीच रुळलेली एक पाककृती निवडली आहे: लिंबू आणि क्रीम घातलेले चिकन, एकाच पसरट पॅनमध्ये, तीस मिनिटांत. किरकोळ फरकाने ती इतक्या ठिकाणी छापली गेली आहे, की तिचा एकच एक लेखक सांगता येणार नाही. म्हणून हे परीक्षण कुणा व्यक्तीचे नाही, लिहिण्याच्या एका पद्धतीचे आहे. शाकाहारी वाचकांनी इथे पान उलटू नये. पुढे बराचसा मजकूर दूध का फाटते याविषयी आहे.

कृतीचा गोषवारा असा. चिकनच्या छातीचे बिनहाडाचे तुकडे फडक्याने टिपून कोरडे करा. मीठ-मिरी लावून मैद्यात घोळवा. पॅन चांगला तापवून तेल-लोण्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे तांबूस होऊ द्या, म्हणजे आतला रस बंदिस्त होईल. तुकडे काढून ठेवा. त्याच पॅनमध्ये लसूण परता, थोडे चिकनचे सूप घालून तळाला चिकटलेले खरवडून घ्या. क्रीम घाला, आच मंद करा, शेवटी लिंबाचा रस आणि किसलेली साल घाला. तुकडे परत सोडा आणि वाढा. क्रीम नसेल तर दूधही चालेल.

आता एकेक वाक्य पाहू.

न सांगितलेली बरोबर कारणे

‘टिपून कोरडे करा’ ही सूचना बहुतेक ठिकाणी कारणाशिवायच येते, आणि खरे तर ती सगळ्यांत शास्त्रीय सूचना आहे. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ७० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात, म्हणजे साडेसात पटींहून अधिक. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर पॅनची उष्णता वाफ करण्यातच खर्च होते आणि पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहते. मांसाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो प्रथिने व शर्करा यांच्या अभिक्रियांमुळे. लुई कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली त्यांचे वर्णन केले. त्या झपाट्याने व्हायला साधारण १४० अंशांच्या पुढचे तापमान हवे. ओला तुकडा म्हणूनच भाजला जात नाही, उकडला जातो. सुप्त उष्णता शिकवताना याहून घरगुती उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट एकाच पॅनची. ‘भांडी कमी घासावी लागतात’ एवढेच तिचे समर्थन दिले जाते. खरे तर पॅनच्या तळाला जे तपकिरी चिकटते तो त्याच अभिक्रियांचा चवदार ऐवज असतो. पाणी घालून खरवडले की त्यातला बराच भाग विरघळून रसात येतो. दुसरे भांडे घेतले तर तो घासण्याबरोबर मोरीत जाईल. मैद्याचेही तसेच. तो पृष्ठभागाचा उरलासुरला ओलावा शोषतो, आणि पुढे रसात उतरला की ६० अंशांच्या पुढे त्यातला स्टार्च फुगून रस दाट करतो. एका चिमटीची ही दोन कामे आहेत, पण पाककृती त्यांतले एकही सांगत नाही.

सांगितलेले चुकीचे कारण

‘आतला रस बंदिस्त होईल.’ संपूर्ण पाककृतीत ठामपणे दिलेले कारण हे एवढेच, आणि नेमके तेच चूक आहे.

या समजुतीला मोठा वंश आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये मांसाच्या रसायनावर पुस्तक लिहिले. सुरुवातीलाच तीव्र उष्णता दिली तर बाहेरची प्रथिने गोठून कवच तयार होते आणि रस आत राहतो, असे त्यांनी मांडले. लीबिग यांचा अधिकार मोठा, त्यामुळे स्वयंपाकाच्या पुस्तकांनी ते उचलून धरले. ऑग्युस्त एस्कोफिए यांच्या १९०३ च्या प्रसिद्ध फ्रेंच ग्रंथातही तीच कल्पना आहे. १९३० च्या दशकात मांसाची वजने करून प्रयोग झाले, तेव्हा आधी तीव्र आचेवर भाजलेल्या मांसातून तितकाच, किंबहुना थोडा अधिक रस गेल्याचे दिसले. तरीही वाक्य छापले जातच राहिले.

हॅरॉल्ड मॅगी या अमेरिकन लेखकाने, जो शिक्षणाने साहित्याचा अभ्यासक आहे, १९८४ च्या ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या पुस्तकात ही गोष्ट सविस्तर सांगितली. त्याने दाखवून दिलेले निरीक्षण कुणालाही घरी करता येईल. भाजताना जो चर्र आवाज येतो तो कशाचा? मांसातून सतत बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचा. कवच खरोखर बंद असते तर आवाज थांबला असता. शिवाय तुकडे काढून ठेवले की ताटलीत रस साचतोच. पुरावा कानाला ऐकू येत होता आणि डोळ्यांना दिसत होता, पण पुस्तकात उलटे लिहिलेले असल्यामुळे त्याकडे कुणी पुरावा म्हणून पाहिले नाही.

मग रस जातो कशाने? तापमान वाढते तशी स्नायूंतली प्रथिने गोठतात आणि आक्रसून पाणी पिळून काढतात. म्हणजे तुकडा सुका होणार की रसाळ राहणार, हे मुख्यतः आतले तापमान शेवटी किती चढले यावर ठरते.

दूध चालेल?

‘क्रीम नसेल तर दूधही चालेल’ हे वाक्य मी खरे मानले होते. लिंबू पिळले आणि मिनिटभरात पांढऱ्या रसाचे हिरवट पाणी व रवाळ दाणे झाले. मी लिंबू-चिकन करायला गेलो आणि चिकनमध्ये पनीर करून बसलो.

कारण वर्गात आपण शिकवतोच. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. आम्ल घातल्यावर सामू ४.६ च्या आसपास उतरला की तो भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येतात. गरम दुधात हे त्याआधीच सुरू होते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो.

क्रीम मात्र का फाटत नाही? अमेरिकेत ज्याला ‘हेवी क्रीम’ म्हणतात त्यात किमान ३६ टक्के स्निग्धांश असावा लागतो. त्यामुळे केसीनचे प्रमाण मुळातच कमी असते, आणि जे असते त्यातले पुष्कळसे स्निग्धकणांच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. गाठी बांधायला मोकळे केसीन फारसे उरत नाही. स्निग्धांश २५ टक्क्यांच्या खाली गेला की हे संरक्षण दुबळे होते. आपल्याकडच्या पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये बहुधा २५ टक्केच असतो, म्हणजे आपण अगदी काठावर उभे असतो. गायीच्या दुधात तो जेमतेम चार टक्के. तेव्हा दूध ‘चालत’ नाही. एका ओळीत कारण दिले असते तर वाचकाने पर्याय स्वतःच पारखला असता. कारण माहीत नसलेल्या माणसाला पर्यायही दुसऱ्याकडूनच घ्यावा लागतो.

तीस मिनिटे कुणाची?

वेळेबाबत पाककृती फारसा प्रामाणिकपणा दाखवत नाही. ‘दोन कांदे, बारीक चिरून’ असे साहित्याच्या यादीत लिहिले, की चिरण्याची मिनिटे हिशेबातून गळतात, कारण घड्याळ ‘कृती’पासून सुरू होते. टॉम स्कोका या अमेरिकन पत्रकाराने २०१२ मध्ये असेच एक खोटे उघडे पाडले: कांदा गडद तपकिरी होईपर्यंत परतणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम असताना पाककृती पाच-दहा मिनिटे लिहितात. आपल्याकडे मटणाचे वाटण करणाऱ्या कोणत्याही आजीने हे ऐकून मान डोलावली असती.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ‘पाच-सहा मिनिटे’. किती जाडीच्या तुकड्याला? उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन सेंटिमीटरऐवजी तीन सेंटिमीटर जाडी असेल तर वेळ दीडपट नव्हे, सव्वादोन पट लागेल. जाडी न सांगता मिनिटे सांगणे म्हणजे अंतर न सांगता वेग विचारण्यासारखे आहे. इथे प्रश्न चवीपुरता नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जीवाणू असू शकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे, की तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान यावे. ‘रस पारदर्शक दिसेपर्यंत’ ही खूण त्यामानाने भरवशाची नाही. (शाळेतला पाऱ्याचा तापमापी मात्र चुकूनही अन्नात खुपसू नये.)

बाजू मांडायची तर

एवढे दोष दाखवूनही मान्य करायला हवे, की ही पाककृती यशस्वी होते. क्रीम वापरले आणि तुकडे बेताच्या जाडीचे असले, तर जेवण खरोखर रुचकर होते. पायऱ्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घासून पक्का केलेला आहे. लिंबू शेवटी घालायचे, म्हणजे त्याचा सुवास उडून जात नाही, हेही त्या हातांनाच कळलेले. मॅगीच्या पुस्तकालाही एक मर्यादा आहे. ते कारणे उत्तम सांगते, पण त्यावरून आजचे जेवण शिजवता येत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघराला त्यात जागा थोडी आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी घरांना कृती शिकवली. तशाच साधेपणाने कारणे सांगणारे पुस्तक आपल्याकडे अजून हवे आहे.

आणि आपण?

इथे आपण शिक्षकांनी थोडे आत पाहावे. पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर ग्लास उपडा घालण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. मेणबत्ती विझते, पाणी वर चढते, आणि आपण सांगतो: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक-पंचमांश ऑक्सिजन. मी स्वतः कित्येक वर्षे असेच शिकवले. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का चढलं नाही? विझल्यावर एकदम का चढलं?”

निरीक्षण माझ्याही डोळ्यांसमोर होते, चर्र आवाजासारखे. ग्लास ठेवताना तापलेली हवा प्रसरण पावून काठाखालून बुडबुड्यांनी निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि पाणी चढते. पाणी चढण्याचे मुख्य कारण हे आहे. ऑक्सिजन तर पुरता संपलेलाही नसतो, आणि जो वापरला गेला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो.

कृती बरोबर होती, निकाल हमखास येत होता, म्हणून कारणही बरोबर असेल असे मी धरून चाललो. ‘रस बंदिस्त होतो’ लिहिणाऱ्यापेक्षा माझी चूक लहान नव्हती. पदार्थ चांगला झाला म्हणजे स्पष्टीकरण सिद्ध झाले, असे होत नाही.

म्हणून एक सूचना. मुलांना घरातली कोणतीही एक पाककृती आणायला सांगावी, पोह्यांची असो वा सांबाराची, आणि प्रयोगवहीच्या चारही मथळ्यांत लिहायला लावावी. प्रत्येक पायरीपुढे ‘का?’ आणि ‘हे चूक असेल तर काय दिसायला हवे?’ असे दोन रकाने असावेत. बरेच रकाने कोरे राहतील, आणि राहू द्यावेत. चुकीच्या कारणाने भरलेल्या रकान्यापेक्षा कोरा रकाना बरा, कारण त्याच्यापाशी प्रश्न अजून शिल्लक असतो.