तिजोरी एक, किल्ल्या दोन: फ्रीबीएसडीतलं 'टूर' खातं

माझं संशोधन लॉगवर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हरवर काही बिघडलं की ते कोणी केलं हे नंतर कळू शकतं का, एवढाच प्रश्न. त्याच नजरेने आज फ्रीबीएसडीमधली एक जुनी सोय तपासू: 'टूर' नावाचं खातं. (इंग्रजी 'रूट' उलट्या अक्षरांनी लिहिलेलं, सहलीशी संबंध नाही.)

आधी ते आहे कशासाठी? फ्रीबीएसडीत रूटचं शेल वर्षानुवर्षं सी-शेल होतं; २०२३ मध्ये आलेल्या १४.० आवृत्तीत ते साधं 'एसएच' झालं. ज्यांना बॅश लागतं ते सरळ रूटचंच शेल बदलतात. मीही बदललं होतं. पण तिथे बॅश मूळ सिस्टिमचा भाग नाही, वेगळं पॅकेज आहे. लॅबच्या सर्व्हरवर एका अपग्रेडनंतर बॅशला लागणारी लायब्ररी सापडेना, आणि रूटने लॉगिन केलं की लगेच बाहेर! शेवटी सिंगल-यूजर मोडमध्ये गेलो. तिथे सिस्टिम कोणतं शेल हवं ते विचारते. नुसतं एंटर दाबलं की एसएच मिळतं. सुटलो, पण रविवार गेला.

टूरचं म्हणणं असं: रूटला हात लावू नका, आवडतं शेल मला द्या. यातला पहिला अर्धा सल्ला एकदम बरोबर. माझं भांडण दुसऱ्या अर्ध्याशी आहे.

रूट आणि टूर, दोघांचा यूजर आयडी ०. कर्नल नाव बघत नाही, आकडा बघतो. त्यामुळे टूरने बनवलेली फाइल यादीत रूटच्याच नावावर दिसते. होम डिरेक्टरीही दोघांची एकच. लॉगिनच्या नोंदीत 'टूर' दिसतं हे खरं. पण पासवर्ड चौघांना माहीत असेल तर चौघांपैकी कोण? शिवाय टूरला सुरुवातीला पासवर्डच नसतो, लॉगिन बंद असतं. ते आपण चालू करायचं, म्हणजे तिजोरीला दुसरी किल्ली करून घ्यायची. सही मात्र कोणाचीच नाही.

त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि सुडो द्या. स्वतःच्या खात्याला हवं ते शेल लावा. बिघडलं तर अडकाल तुम्ही, सर्व्हर नाही. सुडोच्या नोंदीत कोणी, केव्हा, कोणती कमांड चालवली ते येतं. एक खोड टाळा: सुडोने रूटचं शेल उघडून दिवसभर त्यातच बसणं. मग नोंदीत फक्त 'शेल उघडलं' एवढंच उरतं, पुढचं सगळं अंधारात.

सुडोसुद्धा तिथे पॅकेजच आहे, तेही कधी रुसेल. म्हणून रूट एसएचवरच राहू द्या, आणि त्याचा पासवर्ड अडीअडचणीसाठी जपून ठेवा. टूरचं लॉगिन बंद असेल, तर बंदच राहू द्या.