लिहिलं म्हणजे पाठवलं नव्हे

डेटाशीटची समीक्षा कुणी करत नाही, ती फक्त चाळायची असते. पण एका फ्रेमर चिपच्या डेटाशीटनं माझे जवळपास दोन आठवडे खाल्ले, म्हणून आज तिच्याबद्दलच लिहितेय. चिप कुणाची ते सोडा. दोष एका कंपनीचा नाही, लिहिण्याच्या पद्धतीचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. टी1 ही उत्तर अमेरिकेतली डिजिटल टेलिफोन लाइन. तिची एक फ्रेम 193 बिटांची असते: 24 चॅनेलचे प्रत्येकी 8 बिट, आणि वर एक फ्रेमिंग बिट. सेकंदाला 8000 फ्रेम जातात, म्हणजे त्या एकट्या बिटाचेही 8 केबीपीएस होतात. एक्सटेंडेड सुपरफ्रेममध्ये 24 फ्रेमचा गट धरून या बिटांची वाटणी करतात. 6 फ्रेम ओळखायला, 6 सीआरसीला आणि उरलेले 12 डेटा लिंकला. हा झाला 4 केबीपीएसचा चिंचोळा रस्ता. लोकांच्या बोलण्याला धक्का न लावता लाइनची तब्येत कळवायची ती इथून. (भारतात ई1 वापरतात. तिथे हे काम टाइमस्लॉट 0 मधल्या एसए बिटांकडे देता येतं.)

या रस्त्यावरून दोन प्रकारचे संदेश जातात. पहिला बिट-ओरिएंटेड कोड: आठ 1, मग 0, सहा बिटांचा कोड, शेवटी 0, आणि हेच पुन्हा पुन्हा. यलो अलार्म असा जातो. दुसरा एचडीएलसी धाटणीचा: दोन्ही टोकांना 01111110 हा फ्लॅग, मध्ये पत्ता, मजकूर आणि तपासणीचे 16 बिट. मजकुरात सलग पाच 1 आले की पुढे एक 0 घुसवला जातो, त्यामुळे सलग आठ 1 मजकुरात कधीच दिसत नाहीत. म्हणून तातडीचा कोड मध्येच घुसला तरी समोरचा गोंधळत नाही. तो अर्धवट संदेश टाकून देतो आणि कोड वाचतो. स्टँडर्ड लिहिणाऱ्यांची ही युक्ती मला मनापासून आवडते.

आता तक्रार. डॅलस सेमिकंडक्टरच्या डीएस2151 सारख्या जुन्या चिपमध्ये दर 2 मिलिसेकंदांनी एक बाइट भरावा लागे. उशीर झाला की जुनाच बाइट पुन्हा जाई. कटकटीचं होतं, पण वेळ सतत तुमच्या डोळ्यांसमोर असायची. पुढे डीएस2155 मध्ये 128 बाइटांचा फिफो आला. संदेश एकदम भरा आणि मोकळे व्हा! पण हिशोब करून बघा: 128 बाइट म्हणजे 1024 बिट, आणि 4 केबीपीएसनं ते बाहेर पडायला 256 मिलिसेकंद लागतात. फिफो भरायला मात्र प्रोसेसरला त्याच्या कितीतरी कमी वेळ पुरतो.

मी फसले ते इथेच. फिफो भरला, फंक्शन परत आलं, आणि संदेश गेला असं समजून मी लगेच अलार्म कोड चालू केला. कोडला प्राधान्य, त्यामुळे संदेश अर्ध्यात तुटला. माझ्या लॉगमध्ये मात्र सगळं आलबेल! दुसरी गफलत म्हणजे 'संदेश संपला' हा बिट शेवटचा बाइट लिहिण्याच्या आधी लावायचा असतो. मी तो नंतर लावत होते. शेवट कुठे हे चिपला कळलंच नाही, फिफो रिकामा पडला आणि संदेश रद्द झाला. ही क्रमाची गोष्ट मला सापडली कुठे, तर रजिस्टरच्या तक्त्यात, एका बिटाच्या वर्णनात, एका ओळीत.

डेटाशीट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण त्याच डेटाशीटमध्ये पिनांवरच्या सिग्नलचे नॅनोसेकंदांपर्यंतचे टायमिंग डायग्राम पानंच्या पानं आहेत. मग पाव सेकंद चालणाऱ्या संदेशासाठी एक आकृती का नाही?

स्टँडर्डशी तुलना केली की हे जास्त खुपतं. लाइनच्या कामगिरीचा अहवाल दर सेकंदाला जातो, पण त्यात शेवटच्या चार सेकंदांची माहिती असते. एखादा हरवला तरी पुढचा भरून काढतो. स्टँडर्डनं संदेश हरवणं गृहीत धरलंय, डेटाशीटनं वाचणाऱ्याची चूक गृहीत धरलेली नाही.

तुम्ही या वाटेला गेलात तर रजिस्टरचा तक्ता उघडण्याआधी कागदावर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर मिलिसेकंद मांडा, आणि संदेश पूर्ण बाहेर पडल्याचा इंटरप्ट येईपर्यंत 'पाठवलं' म्हणू नका.