पाऊल आणि फूट : मापनविषयक दोन चित्रकथांचा भाषिक विचार

लहान मुलास मोजमाप शिकविणे म्हणजे त्याला पट्टी वाचावयास शिकविणे, असा समज रूढ आहे. परंतु पट्टीवर मापनाचे बहुतेक काम आधीच उरकलेले असते. एकक ठरलेले असते, ते एकाला एक लागून मांडलेले असते आणि त्यापुढे आकडेही घातलेले असतात. मुलाच्या वाट्याला आकडा वाचण्याचे काम तेवढे उरते. पट्टीमागील हे सारे काम मुलाच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून दाखविणे, हे चांगल्या चित्रकथेचे सामर्थ्य होय. या दृष्टीने लिओ लिओनी यांची ‘इंच बाय इंच’ (१९६०) आणि रॉल्फ मायलर यांची ‘हाऊ बिग इज अ फुट?’ (१९६२) ही दोन इंग्रजी पुस्तके अभ्यसनीय आहेत. त्यांतील मापन भाषेवर किती अवलंबून आहे, हे ती मराठीत आणू पाहताना विशेष स्पष्ट होते.

लिओनींच्या कथेत एक इंचभर अळी रॉबिन पक्ष्याच्या तोंडी पडण्याच्या बेतात असते. आपण उपयोगी आहोत, आपल्याला मोजता येते, असे सांगून ती त्याची शेपटी मोजते. ती पाच इंच भरते. पुढे फ्लेमिंगोची मान, टूकनची चोच, बगळ्याचे पाय अशी मोजणी चालते. शेवटी नाइटिंगेल आपले गाणे मोजावयास सांगतो, नाही तर खाऊन टाकीन म्हणतो. तेव्हा अळी मोजत मोजत दृष्टीआड होते आणि वाचते. या कथेत मोजणारा आणि एकक ही एकच आहेत. अळीचे मागचे टोक पुढच्या टोकापाशी येते आणि मगच पुढचे टोक सरकते. त्यामुळे मध्ये जागा सुटत नाही. झाँ पियाजे, बार्बेल इनहेल्डर व अलिना शेमिन्स्का यांनी मुलांच्या भूमितीविषयक कल्पनांवरील १९४८च्या ग्रंथात मापनाचे विश्लेषण केले आहे. लांबीचे भाग पाडणे आणि एक भाग पुढे पुढे सरकवणे या दोन क्रियांचा मेळ म्हणजे मापन, असे ते मानतात. अळीच्या चालीत हा मेळ मूर्त झाला आहे.

या मेळाचे महत्त्व मराठी मुलाच्या बाबतीत अधिक आहे. मराठीत ‘पायऱ्या मोज’ आणि ‘दोरी मोज’ या दोन्ही आज्ञांत क्रियापद एकच येते. ‘मापणे’ हे क्रियापद भाषेत आहे खरे. पण घरगुती बोलण्यात ‘मोजणे’ हेच गणना व मापन असा दुहेरी भार वाहते. गणनेत वस्तू लहानमोठ्या असल्या तरी बिघडत नाही. तीन लहानमोठे आंबे तीनच. मापनात मात्र एकके समान हवीत आणि ती सलग लागली पाहिजेत. दोरीशेजारी काड्या विरळ मांडून ‘पाच’ असे उत्तर देणारे मूल क्रियापदाचा पहिला अर्थ प्रामाणिकपणे पाळत असते. त्याची चूक गणितातील आहे तितकीच भाषेतीलही आहे, आणि ती तशी ओळखली गेली नाही तर त्याच्यावर मंदपणाचा शिक्का बसतो.

भाषांतरात अळीचे नावही अडते. तिच्या इंग्रजी नावातच ‘इंच’ आहे. तिच्या कुलाचे शास्त्रीय नाव ‘जिओमेट्रिडी’ हेही भूमी मोजण्याच्या कल्पनेवरून आले आहे. मराठी शेतकी परिभाषेत पाठीची कमान करून चालणाऱ्या अळीला ‘उंटअळी’ म्हणतात. मराठी भाषेने तिची मोजणी न पाहता तिचे कुबड पाहिले. हे नाव चित्रमय आहे. मात्र ते घेतल्यास मापनाचा सर्व भार चित्रांवर पडतो.

लिओनींच्या कथेची मर्यादा अशी की, तिच्यात मोजणारी एकच अळी आहे. त्यामुळे ‘कोणाचा इंच?’ हा प्रश्न उद्भवतच नाही. मायलर यांची कथा याच प्रश्नावर उभी आहे. राणीच्या वाढदिवसासाठी राजाला पलंग करवून घ्यावयाचा असतो. तो आपल्या पावलांनी माप घेतो : तीन रुंद, सहा लांब. सुताराचा लहानखुरा उमेदवार तेच आकडे स्वतःच्या पावलांनी मोजून पलंग करतो. पलंग तोकडा पडतो आणि उमेदवार तुरुंगात जातो. तेथे विचार करताना त्याला चुकीचे मूळ सापडते. मग राजाच्या पावलाची संगमरवरी प्रतिकृती घडविली जाते आणि तिच्या आधाराने पलंग बरोबर होतो. आकडा दोघांचाही बरोबर होता. निरोपात ‘कोणाचे’ हा शब्द तेवढा गळला होता.

इंग्रजीत अवयव आणि एकक यांना शब्द एकच आहे. मराठीत ‘फूट’ हा केवळ एककवाचक परका शब्द आहे. आरंभापासून तो वापरला तर राजाचे पाय आणि पलंगाची लांबी यांचा संबंध तुटतो व कथा निरर्थक होते. ‘हात’ हा शब्द अवयव व माप दोन्ही दर्शवितो; पण चित्रांत पावले आहेत. म्हणून ‘पाऊल’ हाच शब्द योग्य. त्याचा ‘टाकलेले पाऊल’ असाही अर्थ होतो; ‘पावलाला पाऊल लावून’ अशी शब्दयोजना केल्यास तो दोष टळतो.

मात्र संगमरवरी पाऊल घडल्यानंतर शब्दही बदलला पाहिजे. तोपर्यंत ‘पाऊल’, त्यानंतर ‘फूट’. इंग्रजी मुलाला एकाच शब्दाखाली दडलेल्या दोन कल्पना वेगळ्या काढाव्या लागतात. मराठीत त्या दोन शब्दांनी आधीच वेगळ्या आहेत. पाऊल ज्याचे त्याचे असते, फूट सर्वांचा असतो. भाषांतरातील जी हानी वाटते तीच अशा रीतीने अध्यापनाची सोय ठरते.

१९५६च्या कायद्याने भारतात दशमान मापे आली. तरीही माणसाची उंची आणि घराचे क्षेत्रफळ आजही फुटांतच सांगितले जाते, आणि नऊवारीच्या नावात वार टिकून आहे. मराठी मूल अशा अनेक मापांच्या गर्दीत वाढते. एकक हे निसर्गाने दिलेले नसून शब्दाप्रमाणेच परस्परसंमतीने ठरलेले असते, हे त्याला कळले तर सेंटिमीटरही त्याला परका वाटणार नाही. ते न कळल्यास, आकडा बरोबर असूनही, तुरुंगातील उमेदवाराची गत त्याच्या वाट्याला येते.