महाविद्यालयीन आठवडा आणि मराठी कादंबरी : मावळच्या निमित्ताने

मराठी कादंबरीत महाविद्यालय पुष्कळ आहे. महाविद्यालयाचा आठवडा मात्र फारच थोडा आहे. ना. सी. फडके हे स्वतः प्राध्यापक. त्यांच्या कादंबऱ्यांतून महाविद्यालयीन तरुण-तरुणी मोठ्या संख्येने वावरतात. परंतु हे तरुण तासाला बसलेले, वही विसरलेले, गुरुवारी दुपारी कंटाळलेले असे वाचकास सहसा भेटत नाहीत. महाविद्यालय ही तेथे नायक-नायिकेची गाठ पडण्याची सोयीस्कर जागा होय. कथानकाला घटना हवी असते आणि आठवड्याचा स्वभाव तर पुनरावृत्तीचा. तेव्हा सोमवार ते शनिवारचे एकसुरी जीवन कादंबरीच्या उंबरठ्याबाहेर राहिले, यात नवल नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) हा उंबरठा ओलांडला. खानदेशातील सांगवीहून पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचे वसतिगृह, खाणावळीचा हिशेब, वादविवाद मंडळ, स्नेहसंमेलन, परीक्षा आणि घरून येणारे पैसे ही सामग्री येथे कथानकाची पार्श्वभूमी न राहता स्वतःच कथानक झाली. एक भाग तर रोजनिशीच्या रूपातच लिहिलेला आहे. ‘वगैरे’ व ‘उदाहरणार्थ’ या शब्दांचा या कादंबरीतील उपयोग बहुधा उपरोध म्हणून वाखाणला जातो. वस्तुतः ते पुनरावृत्तीचे व्याकरण आहे. जे रोज घडते ते ‘उदाहरणार्थ’ म्हणूनच सांगता येते आणि ‘वगैरे’ म्हणूनच सोडून देता येते.

तथापि या कादंबरीतील आठवड्याचे वेळापत्रक बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. पांडुरंगाचे खरे जीवन तासांनंतर सुरू होते. तालमी, खाणावळीचे राजकारण, खोलीतील अखंड गप्पा, टेकडीवरची भटकंती हे सारे संध्याकाळचे आणि रात्रीचे आहे. वसतिगृह नसते तर ‘कोसला’ झाली नसती, हे विधान अतिशयोक्तीचे वाटले तरी खोटे नाही. योगायोग असा की, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचा आरंभही १९६३ सालचाच. आणि तीही तासांनंतरच्या तालमींवरच उभी आहे. पुण्याच्या विद्यार्थिजीवनाची जी प्रतिमा मराठी मनात रुजली, ती मूलतः संध्याकाळ मोकळी असणाऱ्या विद्यार्थ्याची प्रतिमा होय.

ज्याची संध्याकाळ मोकळी नाही, असा विद्यार्थी पुण्यापासून फार दूर नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरांचे हे अंतर. लोणावळ्यानंतर मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी मावळातील स्थानके घेत गाडी देहूरोड, चिंचवडकडे उतरते आणि सव्वा ते दीड तासात पुण्यास पोहोचते. या गाडीने जाणाऱ्या विद्यार्थ्याचा आठवडा तासांच्या वेळापत्रकाइतकाच गाडीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. त्याचे मित्र वर्गावरून ठरत नाहीत, डब्यावरून ठरतात. कामशेतला चढणारा वाणिज्याचा आणि मळवलीचा शास्त्रशाखेचा एकाच दारात उभे राहून चार वर्षांचे मित्र होतात. तालमीला रंग चढू लागतो तेव्हा त्याला शिवाजीनगरची गाडी गाठायची असते. नाटकात त्याला काम मिळालेच तर ते पहिल्या प्रवेशातील! लोणावळा व तळेगाव येथे आता महाविद्यालये आहेत; पण अंदर मावळातून वा पवन मावळातून तेथे येणाऱ्याच्या दिवसावरही परतीच्या वाहनाचीच सत्ता चालते.

या जीवनाला त्याने स्वतःच नाव दिले आहे : ‘अप-डाऊन करणे’. मध्य रेल्वेच्या परिभाषेत मुंबईकडे जाणे ते ‘अप’. त्या हिशेबाने लोणावळ्याचा विद्यार्थी शिकावयास जातो तो ‘डाऊन’ आणि घरी येतो तो ‘अप’. बोलीने ही दिशा पुसून टाकली व केवळ येरझार शिल्लक ठेवली. ‘पास’ हा शब्दही येथे दुहेरी आहे : एक महिन्याने संपतो, दुसरा वर्षाच्या शेवटी मिळतो किंवा मिळत नाही.

मावळास साहित्यात स्थान नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तळेगाव दाभाडे येथे राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) आणि ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबऱ्यांतून हा प्रदेश मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा केला. पण तो मावळ गडांचा, पावसाचा आणि एकाकी माणसाचा आहे. बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परततो, तो पुन्हा न जाण्यासाठी. इकडे पांडुरंग गाव सोडून पुण्यास येतो, हरतो आणि परततो. दोन्ही कादंबऱ्यांना परतणे एकदाच घडावे लागते; त्याच एका परतण्यावर त्यांचा अर्थ उभा आहे. जो रोज संध्याकाळी परततो, त्याच्या परतण्यास अर्थ कोठून आणावयाचा? गाव तुटल्याची वेदना त्याच्यापाशी नाही आणि गाव गवसल्याचा आनंदही नाही. मराठी टीकेने ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ अशी जी दोन खाती उघडून ठेवली आहेत, त्यांपैकी कोणत्याही खात्यात त्याची नोंद होत नाही, हा दोष केवळ कादंबरीकारांचा नव्हे.

रविवारचे उदाहरण घ्यावे. पुण्याच्या विद्यार्थ्याचा रविवार सुट्टीचा. पावसाळ्यात तो मित्रांसह भुशी धरणावर भिजावयास किंवा मळवलीस उतरून भाजे-कार्ल्याची लेणी पाहावयास येतो. लोणावळ्यातील अनेक घरांचा मात्र हाच दिवस सर्वांत कष्टाचा. चिक्कीचे दुकान, भाजलेल्या कणसांची गाडी, रिक्षा, उपाहारगृह यांची आठवड्याची कमाई शनिवार-रविवारवर अवलंबून असते. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एक रविवारी गिऱ्हाईक असतो आणि दुसरा गल्ल्यावर बसलेला असतो. सोमवारी पहिल्या तासाला दोघेही दमलेले. शिक्षकास दोघांचा आळस सारखाच दिसतो! नाणे मावळातील शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. महाविद्यालय सुरू होण्याचे आणि भातलावणीचे दिवस जवळजवळ एकच असल्याने वर्षाचे आरंभीचे तास त्याने खाचरात बुडविलेले असतात. (‘तास बुडविणे’ हा प्रयोग त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरतो.) ‘आठवडा’ हा शब्द आठ दिवसांवरून आला, गावात त्याची गणना बाजाराच्या वाराने होत असे. या मुलाच्या घरात ती गणना अद्याप जिवंत असते आणि त्याच्या दप्तरातील वेळापत्रकाशी तिचा मेळ नसतो.

हे जीवन लिहावयाचे झाल्यास खरी अडचण निवेदनाच्या भाषेची आहे. दांडेकरांनी संवाद मावळी बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत ठेवले. माचीवर न राहणारा निवेदक माचीवरच्या माणसाविषयी बोलत असल्याने ती विभागणी तेथे शोभते. ‘कोसला’ने निवेदनच बोलण्यातून घडविले, परंतु आपले सबंध आयुष्य एकाच सुरात सांगणारा निवेदक त्यासाठी गृहीत धरावा लागतो. अप-डाऊन करणारा विद्यार्थी घरातून निघताना ‘नाय’, ‘व्हतं’ म्हणतो, डब्यात ‘लेक्चर ऑफ आहे’ म्हणतो आणि उत्तरपत्रिकेत ‘होते’ लिहितो. रात्री पुन्हा ‘व्हतं’. यांपैकी कोणतेही एक रूप त्याचे सोंग नव्हे. बोली कोठे थांबते व प्रमाण भाषा कोठे सुरू होते, हे तो स्वतःही सांगू शकणार नाही. तळेगावास ती सीमा आहे असे मानले तरी परतीच्या गाडीत ती वडगावच्या पुढे सरकलेली आढळेल. अवतरणचिन्हांच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, ही रूढ सोय त्यामुळे या निवेदकाच्या उपयोगाची नाही. त्याच्या एकाच परिच्छेदात क्रियापदाने दोनदा रूप बदलले, तर मुद्रितशोधकाने ते दुरुस्त करता कामा नये.