खुराड्यातला उजेड : ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची घरची छायाचित्रे

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्याविषयी जे लिहिले जाते, त्यातले निम्मे तरी त्यांच्या छायाचित्रांतल्या धूसरपणाविषयी असते. तो दोष की शैली, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यात नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. हा प्रयोग करायला बाईंना काय काय लागले? भिंग, रसायने, उजेड हे तर लागलेच. पण त्याहून अधिक लागले ते त्यांचे घर, आणि त्या घरात चालणारा त्यांचा शब्द.

बाईंचा जन्म 1815 चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. पती चार्ल्स हे कॅमेरॉन मेकॉलेबरोबर कायदा आयोगावर होते. भारतीय दंडसंहितेच्या मसुद्याशी त्यांचा संबंध आला तो तिथे. 1848 मध्ये कुटुंब इंग्लंडला परतले आणि 1860 मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी स्थिरावले. शेजारी कवी टेनिसन. सिलोनमध्ये कॉफीचे मळे होते, त्यांतल्याच एकाचे ‘डिंबोला’ हे नाव घराला दिलेले. डिसेंबर 1863 मध्ये, पती सिलोनला गेलेले असताना, मुलगी आणि जावयाने बाईंना एक कॅमेरा भेट दिला. विरंगुळा म्हणून. बाई तेव्हा 48 वर्षांच्या होत्या आणि त्या वयात विरंगुळा कशाला म्हणायचे याविषयी त्यांची स्वतःची काही मते असावीत. कारण त्यांनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली, कोंबड्यांना मोकळे सोडले आणि काचेच्या त्या खुराड्याचा स्टुडिओ केला.

त्या काळातली पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियनचा थर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधारखोलीत नेऊन पुढचे सोपस्कार करायचे. छाप काचेच्याच आकाराचा निघे. म्हणून 1866 मध्ये बाईंनी 15 गुणिले 12 इंचांच्या काचा घेणारा मोठा कॅमेरा आणला आणि माणसांचे चेहरे जवळजवळ खऱ्या मापाचे मिळवले. भिंग चेहऱ्याच्या इतके जवळ असले की नाक स्पष्ट येते आणि कान धूसर होतो. बाईंनी 1874 साली लिहायला घेतलेल्या अपुऱ्या आठवणींत सांगितले आहे की सुरुवातीचा धूसरपणा योगायोगाचा होता. पण भिंग फिरवताना डोळ्यांना सुंदर दिसले तिथेच त्या थांबल्या, इतरांना हवी तशी रेखीवता येईपर्यंत पुढे गेल्या नाहीत. छायाचित्रण संस्थेच्या नियतकालिकाने त्यांच्या धाडसाला दाद दिली आणि तंत्राचे वाभाडे काढले. काचेवरचे ओरखडे, बोटांचे ठसे बाईंनी लपवले नाहीत, याचाही तज्ज्ञांना राग होता.

इथवरची हकीकत कुठल्याही पुस्तकात सापडते. मला त्यात एक भर घालायची आहे. या धूसरपणाला दोन कारणे आहेत. एक भिंगाचे, दुसरे समोरच्या माणसाचे. काच उजेडाला काही मिनिटे उघडी राहायची, आणि धंदेवाईक स्टुडिओंत मान धरून ठेवायला लोखंडी टेकू वापरत तसा आधार बाईंना नको असे. म्हणजे बसलेल्या व्यक्तीचा श्वास, मानेचा थकवा, डोळ्यांची उघडझाप हे सगळे त्या काचेत उतरे. मेरी हिलियर हिच्या चित्रांत मला हे सर्वांत जास्त दिसते. ही फ्रेशवॉटरच्या एका चांभाराची मुलगी, बाईंच्या घरची मोलकरीण. अंगावर कापड गुंडाळून आणि मांडीवर कोणाचे तरी मूल घेऊन ती मॅडोना झाली, सॅफो झाली. तिला ‘जरा दमले’ म्हणता येत होते का? कार्लाइलला नक्कीच येत होते.

म्हणून शीर्षकांकडे पाहावे. पुरुष मोठे असले की शीर्षकात त्यांचे नाव असते : हर्शेल, कार्लाइल, डार्विन. घरातल्या बाया असल्या की पावित्र्य असते, पुराण असते; नाव क्वचित. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या गटछायाचित्रांत गडीमाणसे कडेला उभी असतात. बाईंनी त्यांना मधोमध आणले, हे खरेच मोठे काम. पण आणताना त्यांचे नाव बाहेर ठेवले.

असे असूनही मी मेरी हिलियरची चित्रे कार्लाइलच्या चित्रापेक्षा वर ठेवतो. कार्लाइलमध्ये बाई थोरवीला शरण गेल्या आहेत. हिलियर रोज समोर वावरणारी होती. तिच्या गालावर उजेड कुठून पडला की काय होते हे बाईंना पाठ होते. अपवाद एप्रिल 1867 च्या हर्शेलचा. विस्कटलेले पांढरे केस आणि खोल गेलेले डोळे असलेले हे चित्र बाईंच्या घरी नव्हे, हर्शेल यांच्याच घरी काढलेले. पण 1830 च्या दशकात केपला झालेली ती ओळख होती, आणि छायाचित्रणाचे पहिले धडे बाईंना त्यांच्याकडूनच मिळाले होते. घर म्हणजे चार भिंतीच असे मी म्हणत नाही.

मेरी रायनची गोष्ट आपल्या जवळची. आईबरोबर भीक मागताना बाईंना सापडलेली ही मुलगी कॅमेरॉनांकडे वाढली, शिकली आणि मोलकरीणही झाली. बाईंच्या लंडनमधल्या प्रदर्शनात हेन्री कॉटन या तरुणाने तिला पाहिले आणि 1867 मध्ये दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी बाईंनी त्यांना रोमिओ-ज्युलिएट म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे केले. हाच कॉटन पुढे बंगालमधल्या सनदी नोकरीत आला, आसामचा चीफ कमिशनर झाला आणि 1904 साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. त्या अधिवेशनाचे वर्णन वाचताना अध्यक्षांच्या पत्नीचा चेहरा आपल्याला आधीच माहीत असतो, याची गंमत वाटते. चित्र म्हणून मात्र ते रोमिओ-ज्युलिएट बेतास बात आहे. टेनिसनच्या काव्यासाठी केलेल्या आर्थर राजाच्या देखाव्यांसारखेच. पोशाख चढला की बाईंचा डोळा सुस्तावतो.

1875 मध्ये कॅमेरॉन पतिपत्नी सिलोनला कायमचे गेले. 1879 च्या जानेवारीत बाई तिथेच वारल्या. या काळातली त्यांची तीसपेक्षाही कमी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. पाण्याची, रसायनांची अडचण होती, हवामान होते, वय होते; ही कारणे अभ्यासक देतात आणि ती खरी आहेत. तरी चित्रे पाहताना आणखी काही जाणवते. मळ्यांवरचे मजूर बहुतेक दक्षिण भारतातून आलेले तमिळ लोक. मालकीण म्हणून बाईंचा शब्द इथेही चालत होता, बहुधा फ्रेशवॉटरपेक्षा अधिक. ही माणसे समोर उभी राहिली. पण चेहऱ्याने चौकट भरून टाकणारी जवळीक बहुतेक चित्रांत आली नाही. फ्रेशवॉटरला हुकमाच्या जोडीला रोजचे एकत्र जगणे होते. इथे हुकूम तेवढा उरला.

कलुतारा इथल्या एका चित्रात म्हातारा, एक बाई आणि एक मुलगी आहेत. त्याखाली बाईंनी टिपून ठेवले आहे की मुलगी 12 वर्षांची आहे, म्हातारा आपण तिचा बाप असल्याचे सांगतो आणि स्वतःचे वय 100 म्हणतो. वये विचारली, नाते विचारले, उत्तरावरचा संशयही शब्दांत उतरला. दुसऱ्या बाईविषयी काही नाही, आणि नाव तिघांपैकी कोणाचेच नाही.