शिबंदी, बंड आणि सद्सद्विवेक

संगणकावरील खेळ हा वाङ्मयीन त्रैमासिकाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जो खेळ रोमन साम्राज्याच्या पडत्या काळाची कथा सांगतो आणि आपल्या घरातील मुलांना तासन्‌तास त्या कथेत सम्राट करून बसवितो, तो एक प्रकारचे कथनच होय. कथन म्हटले की त्याची पारख आलीच. कादंबरी सत्याशी कसे वागते हे आपण विचारतो. तोच प्रश्न खेळालाही विचारला पाहिजे.

इंग्लंडमधील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या संस्थेने २००४ साली ‘रोम : टोटल वॉर’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची ‘बार्बेरियन इन्व्हेजन’ ही पुरवणी २००५ साली आली, आणि २०२१ साली दोन्ही नव्या रूपात पुन्हा प्रकाशित झाले. मूळ खेळ इसवी सनापूर्वी २७० मध्ये सुरू होतो व उगवत्या रोमचे चित्र रंगवितो; पुरवणी मात्र इसवी सन ३६३ पासून सुरू होते. प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः या पुरवणीवर आहे. कारण राज्य मिळविण्यापेक्षा मिळालेले राज्य सांभाळणे अधिक कठीण, हे तिचे खरे सूत्र आहे.

पश्चिम रोमन साम्राज्य हाती घेणाऱ्या खेळाडूची अवस्था पहिल्या काही डावांतच केविलवाणी होते. ब्रिटनपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत पसरलेला मुलूख, रिकामा होत चाललेला खजिना, ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांपलीकडे जमलेल्या टोळ्या आणि शहराशहरांतून धुमसणारा असंतोष. प्रत्येक शहरावर सुव्यवस्थेचा एक टक्का दाखविलेला असतो. शिबंदी वाढविली, कर उतरविला, शर्यती भरविल्या, पाणी व स्वच्छतेची सोय केली की तो चढतो. गलिच्छ वस्ती वाढली, राजधानी दूर पडली, शत्रूचे हेर आत शिरले की तो उतरतो. फारच उतरला तर दंगल होते, आणि दंगलीतून बंड. मग शिबंदी हाकलली जाते व शहर हातचे जाते.

या रचनेतील शहाणपण नाकारता येणार नाही. सरहद्दीवरच्या पुलाशी एक पथक अधिक ठेवावे, तर ते कुठल्या तरी शहरातून काढावे लागते आणि तेथे बंडाची ठिणगी पडते. शहर राखावे तर नदीपलीकडची टोळी आत घुसते. सैन्य वाढवावे तर कर वाढवावा लागतो. कर वाढविला की पुन्हा असंतोष. दूरचे प्रांत शांत राहावेत म्हणून राजधानी हलविण्याची मुभाही खेळात आहे. इतिहासातही पश्चिमेचा दरबार रोममध्ये राहिला नव्हता. तो मिलान येथे व ४०२ च्या सुमारास राव्हेन्ना येथे गेला. एखाद्या टोळीचे शेवटचे गाव जिंकून घेतले तर ती नष्ट न होता भटका लोंढा बनते आणि अधिकच बळाने अंगावर येते, ही कल्पनाही मार्मिक आहे. पाठ्यपुस्तकातील ‘साम्राज्याचा ऱ्हास’ हे दोन शब्द येथे हिशेबाच्या रूपाने अनुभवास येतात, हे या खेळाचे मोठे यश मानले पाहिजे.

तथापि खेळाच्या हिशेबात एक मूलभूत उणीव आहे. सरहद्दीवरची धाड आणि आतले बंड या त्याने दोन निराळ्या आपत्ती मानल्या आहेत; एक बाहेरून येते, दुसरे आतून. इतिहास पाहावा तर या दोहोंना जोडणारा एक धागा वारंवार दिसतो. तो धागा म्हणजे अन्याय. ३७६ साली हूणांच्या भीतीने पळालेले गॉथ लोक डॅन्यूबच्या काठी आश्रय मागत उभे राहिले. पूर्वेचा सम्राट वॅलेन्स याने त्यांना आत येऊ दिले. परंतु त्यांची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्या लुपिसिनस व मॅक्सिमस या अधिकाऱ्यांनी त्यांच्या उपासमारीचा बाजार मांडला. कुत्र्याचे मांस देऊन त्या बदल्यात माणसे गुलाम म्हणून घेतली गेली, असे त्या काळचा इतिहासकार अम्मियानस नमूद करतो. मग ते लोक उठले, आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या रणभूमीवर खुद्द सम्राट मारला गेला. याला धाड म्हणावे की बंड? आश्रित म्हणून आलेल्यांना शत्रू कोणी केले, हे विचारणारा रकाना खेळात नाही. पुढच्या शतकात मार्सेयचा धर्मगुरू साल्व्हियन याने तर असे लिहून ठेवले की, करांच्या जाचाला विटलेले गरीब रोमन आपण होऊन टोळीवाल्यांच्या मुलखात जात आहेत. खेळातील गांजलेली प्रजा फार तर बंड करते. सरहद्द ओलांडून ती समोरच्या बाजूला जाऊन राहत नाही.

याहून गंभीर प्रश्न पुढेच आहे. शहर जिंकले की खेळाडूपुढे तीन पर्याय येतात : नुसता ताबा घ्यावा, लोकांना गुलाम करावे, किंवा सरसकट कत्तल करावी. कत्तल केली की लोकसंख्येचा मोठा भाग नाहीसा होतो, लूट खजिन्यात पडते आणि उरलेले शहर बराच काळ मुकाट राहते. यातून मुरलेल्या खेळाडूंची एक युक्ती रूढ झाली आहे. अशांत शहरातील शिबंदी मुद्दाम काढून घ्यायची, बंड होऊ द्यायचे, मग शहर परत जिंकून कत्तलीची आज्ञा द्यायची. म्हणजे आपलीच प्रजा आपणच बंडास प्रवृत्त करायची व त्या निमित्ताने ती कापून काढायची! व्यूह म्हणून ही युक्ती बिनतोड आहे. तिच्या बिनतोड असण्यातच या कलाकृतीचे नैतिक अपयश दडलेले आहे.

या ठिकाणी थेस्सलनीकाची आठवण अपरिहार्य आहे. संत पौलाने ज्या शहरातील भाविकांना दोन पत्रे लिहिली, तेच हे शहर. ३९० साली तेथील सेनाधिकारी बुथेरिक याने रथांच्या शर्यतीतील एका लोकप्रिय सारथ्याला तुरुंगात टाकले. खवळलेल्या जमावाने बुथेरिकला ठार केले. सम्राट थिओडोसियसने सूडाची आज्ञा सोडली. ती मागे घेण्याचा आदेश पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. थिओडोरेट हा इतिहासकार मृतांचा आकडा ७,००० देतो. शर्यती भरविल्या की प्रजा शांत राहते, हे खेळाचे गणित. येथे तर शर्यतीच्या वेडातूनच आग भडकली.

खेळाच्या नियमाने पाहता थिओडोसियसचा डाव यशस्वी ठरला असता. शहर शांत झाले, सुव्यवस्थेचा टक्का वर गेला, पुढचा डाव सुरू! परंतु इतिहासात पुढचा डाव तसा सुरू झाला नाही. मिलानचे बिशप संत अँब्रोझ यांनी सम्राटाला पत्र लिहिले आणि प्रायश्चित्त केल्यावाचून आपण त्याच्या उपस्थितीत मिस्साबलिदान अर्पण करणार नाही, असे कळविले. सैन्याच्या जोरावर सिंहासन राखलेला तो पुरुष राजचिन्हे उतरवून पश्चात्तापी जनांत उभा राहिला. मृत्युदंडाची अंमलबजावणी तीस दिवस थांबवावी, असा नियम सम्राटाने या प्रसंगानंतर केला, असे रुफिनस सांगतो. खेळाच्या निर्मात्यांनी सम्राटाला सेनापती दिले, सुभेदार दिले, हेर दिले, मारेकरी दिले. ‘हे तुला करता येणार नाही’ असे तोंडावर सांगणारा माणूस मात्र दिला नाही.

आणि गंमत अशी की, ख्रिस्तसभा या खेळात अनुपस्थित नाही. उलट पुरवणीत धर्म हा राज्यकारभाराचा महत्त्वाचा भाग आहे. जुने देऊळ पाडून चर्च बांधले की शहरातील ख्रिस्ती टक्केवारी हळूहळू वाढते. राज्यकर्त्याचा व प्रजेचा धर्म जुळला की असंतोष निवळतो. म्हणजे खेळातील ख्रिस्तसभा ही शिबंदीचीच एक स्वस्त शाखा झाली. सम्राटांनी धर्माचा असा वापर केला नाही असे नाही. त्या दृष्टीने निर्माते सर्वथा चुकले असे म्हणता येणार नाही. पण ते अर्धे सत्य आहे. ज्या श्रद्धेने सम्राटाला गुडघे टेकायला लावले, ती श्रद्धा टक्केवारीच्या रकान्यात कशी मावावी?

‘अहो, हा शेवटी खेळच आहे, बुद्धिबळातील प्यादे मारताना कोणी रडते काय?’ असा आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. परंतु बुद्धिबळ लाकडाच्या सोंगट्यांना गावांची नावे देत नाही. हा खेळ देतो, इतिहासाचा आधार सांगतो, आणि म्हणून इतिहासाच्या कसोटीलाही तो पात्र ठरतो. मुलांकडून तो काढून घ्यावा, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. उलट पालकांनी एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून विचारावे : या शहरातले लोक का उठले? तू त्यांच्यावर कर किती बसविला होतास? नदीपलीकडच्यांना कोणी काय दिले होते?

या पुरवणीत साम्राज्याची डॅन्यूबकडील सरहद्द सांभाळताना, त्याच काठी वावरलेल्या नोरिकमच्या संत सेव्हेरिनस यांचेही नाव मुलांच्या कानी पडावे. ४८२ साली ते निवर्तले. त्यांचे चरित्र युगिपियसने ५११ च्या सुमारास लिहिले. त्यात बटाव्हिस येथील शिबंदीची हकीकत आहे. पगार येईनासा झाला, तेव्हा काही शिपाई साथीदारांचा थकलेला पगार आणण्यासाठी इटलीकडे निघाले आणि वाटेतच मारले गेले. साम्राज्य असे संपत होते. त्या वेळी हा सन्यस्त पुरुष दशांश गोळा करून भुकेल्यांना धान्य पुरवीत होता, टोळीप्रमुखांशी बोलून कैदी सोडवीत होता, उघड्या पडलेल्या गावांतील माणसे सुरक्षित स्थळी नेत होता. खेळाच्या भाषेत त्याने एकही प्रांत जिंकला नाही व एकही राखला नाही. माणसे मात्र राखली.